दहा हजार लक्सचा दिवा: कोल्हापुरात कुणी घ्यावा, कुणी पैसे वाचवावेत

ऑनलाइन दुकानांत ‘लाइट थेरपी लॅम्प’ म्हणून मिळणारा हा दिवा दिसायला अगदी साधा आहे. वहीएवढा चपटा पांढरा पॅनल, मागे घडीचा स्टँड, बोट लावायचं बटण, उजेड कमी-जास्त करायच्या तीन-चार पायऱ्या, टायमर आणि एक अडॅप्टर. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१०,००० लक्स’; लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजायचं एकक. किंमत काही हजारांच्या घरात. झोप वेळेवर लागेल, सकाळी तरतरी येईल, शिफ्टचा त्रास कमी होईल, असं विक्रेते सांगतात. यातलं बरंचसं खरं आहे, पण ते दिवा किती वाजता लावला आणि किती लांब ठेवला यावर अवलंबून आहे. चुकीच्या वेळी लावलेला हाच दिवा झोप आणखी पुढे ढकलतो, आणि बहुतेक माहितीपत्रकांत या गोष्टीला एक ओळही दिलेली नसते.

मुळात असा दिवा लागतोच कशाला? कारण आपल्या शरीरातलं घड्याळ २४ तासांचं नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचं तापमान, मेलाटोनिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं, या सगळ्यांची वेळ तो ठरवतो. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं १९९९ मध्ये मंद उजेडात, लोकांना २८ तासांच्या कृत्रिम दिवसावर ठेवून हे घड्याळ मोजलं. सरासरी आली २४ तास ११ मिनिटं. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा सरासरी सहाएक मिनिटांनी लहान असतं आणि काहींचं २४ तासांच्या आतही भरतं. पण बहुतेकांचं घड्याळ रोज दहा-बारा मिनिटं मागे पडतं. दुरुस्ती झाली नाही, तर पाच दिवसांत तासाभराचा फरक.

त्याआधी बरीच वर्षं हा आकडा २५ तास मानला जायचा. जर्मनीत म्युनिकजवळ आन्डेक्स इथं युर्गेन अशॉफ आणि र्‍युटगर वेव्हर यांनी १९६० च्या दशकात लोकांना घड्याळाशिवाय, सूर्याशिवाय तळघरात ठेवलं होतं. पण खोलीतला दिवा लावणं-मालवणं त्या लोकांच्याच हातात होतं. ते रात्री उशिरापर्यंत दिवा जाळत बसायचे, त्या उजेडानं घड्याळ आणखी मागे पडायचं आणि मोजमापात दिवस लांबलेला दिसायचा. दिवा घेणाऱ्यानं हा प्रयोग ध्यानात ठेवावा. रात्रीचा साधा खोलीतला उजेडही माणसाचा दिवस पाऊण तासानं लांबवू शकतो.

मग निसर्गानं बरोबर २४ तासांचंच घड्याळ का दिलं नाही? पेशीत पीईआर आणि क्राय नावाची प्रथिनं बनतात, साठत जातात, पेशीकेंद्रात शिरून स्वतःच्याच जनुकांना थांबवतात, मग हळूहळू मोडतात आणि जनुकं पुन्हा चालू होतात. या एका फेरीला लागणारा वेळ म्हणजे शरीराचा दिवस. याच साखळीतल्या जनुकांवरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं: जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना. फेरीचा वेळ रसायनांच्या बनण्या-मोडण्याच्या वेगावर ठरतो आणि तो मिनिटाला मिनिट जुळावा अशी गरज कधी पडलीच नाही, कारण रोज सकाळचा उजेड फरक भरून काढत आला. उलट, दुरुस्त न होणारं अचूक २४ तासांचं घड्याळ कुचकामी ठरलं असतं. कोल्हापुरातच बघा: जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या पुढे. तासाभराचा हा सरक रोजच्या दुरुस्तीशिवाय कुठल्याच पक्क्या घड्याळाला पकडता येणार नाही. प्राचीन काळी दिवस मोठा होता, त्याचा हा अवशेष, असंही काही ठिकाणी वाचायला मिळतं. ते उलटं आहे. चंद्राच्या ओढीमुळं पृथ्वीची गिरकी मंदावत गेली आहे. साठेक कोटी वर्षांपूर्वी दिवस जेमतेम २२ तासांचा होता. जुनं घड्याळ उरलं असतं, तर ते लहान असतं.

दिव्याचं खरं काम एवढंच. रोज सुटणारी ती दहा-बारा मिनिटं सकाळी परत मिळवायची, आणि वेळापत्रक जास्त बिघडलं असेल तर त्याहून थोडं जास्त.

आता कोल्हापूरचा हिशेब. आपण ८२.५ अंश रेखांशाची प्रमाणवेळ वापरतो आणि कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर आहे. म्हणजे आपल्या भिंतीवरचं घड्याळ सूर्याच्या सरासरी तेहेतीस मिनिटं पुढे चालतं. त्यात सूर्याची स्वतःची अनियमितता मिसळते. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर सूर्य आकाशात जवळपास त्याच जागी मावळतो, म्हणूनच किरणं दोन्ही वेळा गाभाऱ्यात पोचतात. पण घड्याळ पाहिलं तर नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या आसपास असतो. सूर्योदयाचंही तसंच: नोव्हेंबरात साडेसहा थोडे उलटून गेल्यावर, आणि फेब्रुवारीच्या आरंभी सातच्या पुढे. दिवस तेवढाच मोठा, पण सकाळ अर्ध्या तासानं उशिरा. सहाला उठून सातच्या शिफ्टला शिरोली किंवा गोकुळ शिरगावला निघणाऱ्या माणसाला जानेवारी-फेब्रुवारीत उठताना अंधारच भेटतो. कोल्हापुरात सकाळच्या दिव्याची गरज सगळ्यात जास्त या दोन महिन्यांत असते. दिवाळीच्या थंडीत घाई करून घेण्याचं कारण नाही.

दुसरा काळ पावसाळ्याचा, पण तिथं लोकांचा अंदाज चुकतो. जुलैतल्या भरून आलेल्या आभाळाखालीसुद्धा उघड्यावर बहुधा काही हजार लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो १०० ते ३०० लक्स. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, पण घड्याळाला उजेड कळवणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना तो नीट जाणवतो. गच्चीवरच्या पत्र्याखाली, आभाळाकडं तोंड करून चहा-पेपर घेऊन पाऊण तास बसलात तर पावसातही काम भागतं. स्वच्छ सकाळी रंकाळ्यावर अर्धा तास चाललात तर हा दिवा देईल त्याहून जास्त उजेड फुकट मिळतो. सकाळी उजाडल्यावर बाहेर पडू शकणाऱ्या कुणीही हा दिवा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. काचेच्या खिडकीपाशी बसणं मात्र बाहेर बसण्याइतकं नाही. खिडकीपासून एक-दोन मीटर आत आलं की उजेड काही शे लक्सवर येतो.

विकत घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या १०,००० च्या शेजारचा बारीक आकडा शोधा: किती अंतरावर? अंतर लिहिलेलं नसेल तर तो दिवा घेऊ नका. १५ गुणिले २० सेंटिमीटरचा छोटा पॅनल १५ सेंटिमीटरवर १०,००० लक्स देत असेल, तर हिशेबानं ३० सेंटिमीटरवर तो सुमारे ३,२०० आणि ६० सेंटिमीटरवर ९०० च्याही खाली जातो. १५ सेंटिमीटर म्हणजे नाकासमोर वीतभरही नाही. त्या अंतरावर कुणी रोज अर्धा तास बसत नाही. चार दिवसांनी दिवा टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकतो आणि ‘काही उपयोग झाला नाही’ असा अभिप्राय येतो. ३० गुणिले ४० चा मोठा पॅनल ३० सेंटिमीटरवर १०,००० देणारा असेल, तर ६० सेंटिमीटरवरही ३,२०० च्या आसपास मिळतो आणि समोर ताट ठेवून जेवता येतं. महाग पडला, जागा जास्त खाल्ली, तरी मोठाच घ्या. छोट्या आकाराची सोय फक्त प्रवासात.

वेळेचा ढोबळ नियम असा: १०,००० लक्सला अर्धा तास, ५,००० ला एक तास, २,५०० ला दोन तास. दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा वर आणि समोरून थोडा बाजूला ठेवा. त्याच्याकडे टक लावायची नाही; डोळे उघडे ठेवून वाचा, नाश्ता करा, भाजी निवडा. दिवा पाठीमागे किंवा भिंतीकडं तोंड करून ठेवला तर उपयोग शून्य, कारण या घड्याळाला उजेड फक्त डोळ्यांतून कळतो. रंग पांढरा चालतो. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात हे खरं आहे, पण पांढऱ्या एलईडीत तो भाग भरपूर असतो. निळ्याभोर दिव्याला जास्त पैसे मोजू नका. तो डोळ्यांत खुपतो. पिवळसर ‘वॉर्म’ रंगाची पायरी असेल तर ती सकाळसाठी वापरू नका. ‘व्हिटॅमिन डी मिळतं’ असं कुणी लिहिलं असेल तर ते साफ चूक: त्यासाठी अतिनील किरण लागतात आणि या दिव्यात ते नसतात, नसावेतही. वीज नगण्य लागते. ३० वॅटचा दिवा रोज अर्धा तास लावला तर महिन्याला अर्धा युनिटही होत नाही, आणि लाइट गेली तरी घरचा इन्व्हर्टर तो सहज ओढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात खाली जातं, नैसर्गिक जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. या बिंदूनंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडं ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. त्याआधी मिळालेला उजेड घड्याळ पलीकडं ढकलतो. नैसर्गिक जाग म्हणजे गजराची नव्हे, सुट्टीच्या दिवशी आपोआप येते ती.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बारा-एकपर्यंत बसणारा, दोनला झोपणारा आणि नऊला उठणारा मुलगा घ्या. त्याच्या तापमानाचा हा तळ सकाळी सहा-सातला येतो. तो उत्साहानं पाचचा गजर लावून दिव्यासमोर बसला, तर घड्याळ आणखी पलीकडं जाईल आणि आठवड्यानं तीन वाजेपर्यंत झोप येणार नाही. त्यानं पहिल्या दिवशी नऊलाच उठून लगेच अर्धा तास दिवा घ्यावा. दुसऱ्या दिवशी पावणेनऊ, मग साडेआठ, अशी रोज पंधरा मिनिटं अलीकडं. साडेसहाला पोचायला दहा दिवस लागतात. मध्ये एखादा दिवस जड गेला तर त्याच वेळेवर थांबावं, मागे जाऊ नये. याबरोबर रात्रीची बाजू सांभाळली नाही तर सगळं फुकट: झोपेच्या दोन तास आधीपासून खोलीतली ट्यूब बंद करून कमी वॅटचा पिवळा दिवा, मोबाइलचा उजेड किमान पायरीवर. रविवारी अकरापर्यंत झोपून मिळवलेलं घालवू नये. तासाभराची सूट पुरे.

तालमीत नवीन दाखल झालेल्या पोरांचं गणित थोडं असंच. घरी सातला उठणारा मुलगा गंगावेशीत येऊन चारला उठायला लागतो तेव्हा त्याचा तळ अजून चार-पाचच्या सुमारास असतो. त्या वेळी तोंडावर प्रखर फ्लडलाइट घेऊन जोर-बैठका मारण्यापेक्षा सुरुवातीचे दिवस उजेड बेताचा ठेवावा आणि साडेपाचनंतर भरपूर उजेड घ्यावा. रात्री साडेआठ-नऊला झोपायची शिस्त बसली की तळ आपोआप अलीकडं येतो, मग चारचा उजेडही चालतो.

वयस्कर माणसांत अडचण उलटी असते. संध्याकाळी साडेसातला डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग. त्यांना सकाळचा दिवा देणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना तो संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान द्यावा आणि पहाटे उठल्यावर मंद बल्बवरच भागवावं. पेठांतल्या जुन्या घरांत माजघरात दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांना दिवसभराचा उजेडच कमी पडतो, शिवाय मोतीबिंदूमुळं पिवळं पडलेलं डोळ्यातलं भिंग निळा भाग अडवतं. आमच्या मते या दिव्याचा खरा मान अशा घरांना आहे, पण गुडघे साथ देत असतील तर आधी अंगणात किंवा गच्चीत खुर्ची टाकून बघा.

राहता राहिली नाइट शिफ्ट. इथं फौंड्रीवाल्यांनी आणि गळीत हंगामात साखर कारखान्यात काम करणाऱ्यांनी दोन प्रकार वेगळे धरावेत. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर घड्याळ पूर्ण उलटवायच्या नादी लागू नका. ते पोचेपर्यंत शिफ्ट बदललेली असते. अशा वेळी दिवा फक्त जाग राहण्यासाठी, शिफ्टच्या पहिल्या दोन-तीन तासांत जेवणाच्या टेबलावर वापरावा. महिनोन् महिने एकच रात्रपाळी असेल, समजा १२ ते ८, तर १२ ते ३ दरम्यान थोडा थोडा करून मिळून तासभर उजेड घ्या आणि चारनंतर दिवा बंद करा. सकाळी घरी जाताना उजेड डोळ्यांत शिरला की रात्रीची मेहनत पुसली जाते. कंपनीच्या बसमध्ये असाल तर गडद गॉगल घाला. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र घालू नका, कारण पेंगुळलेल्या माणसाला तोच उजेड हायवेवर जागं ठेवतो. मग घरी खोली खरोखर काळोखी करा: जाड पडदा, फटींना कागद, दारावर जाजम. हे न करता दिवा घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

शिफ्ट ठरवणाऱ्या सुपरवायझरांसाठी एक गोष्ट, दिव्यापेक्षा मोलाची आणि बिनखर्चाची. शरीराचा दिवस २४ तासांपेक्षा थोडा मोठा असल्यामुळं बहुतेकांना उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड जातं. म्हणून फर्स्ट, सेकंड, नाइट अशी पुढे सरकणारी पाळी अंगाला मानवते. नाइट, सेकंड, फर्स्ट अशी उलटी फिरवली तर प्रत्येक आठवड्याला माणूस घड्याळाच्या विरुद्ध ओढला जातो. तक्ता उलटा असेल तर तो सरळ करून घ्या. शंभर दिवे घेऊन जे होणार नाही ते यानं होईल.

काहींनी हा दिवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. बायपोलर आजार असलेल्यांना प्रखर उजेडानं उन्मादाचा झटका येऊ शकतो. मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडलेला असेल, पडद्याचा दुसरा आजार असेल, अर्धशिशी असेल किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी उजेड सहन न होऊ देणारी औषधं चालू असतील, तर आधी तपासणी. निरोगी माणसालाही पहिल्या दिवसांत डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, मळमळणं होऊ शकतं. तेव्हा दहा मिनिटांवर या आणि हळूहळू वाढवा. डोळ्यांना उजेड अजिबात कळत नाही अशा अंध व्यक्तींना या दिव्याचा फायदा नाही. त्यातल्या अनेकांचं घड्याळ रोज सरकत राहतं, काही आठवडे झोप रात्री आणि काही आठवडे दिवसा येते. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते झोपेच्या डॉक्टरांकडे आहेत.

याच दुकानांत पहाटेचा उजेड दाखवणारा गजराचा दिवा मिळतो. अर्ध्या तासात तो हळूहळू उजळतो. मिटलेल्या पापण्यांतून उजेडाचा फारच थोडा भाग आत जातो, त्यामुळं घड्याळ सरकवायला तो अपुरा. पण उठल्यावरचा जडपणा कमी करतो आणि जानेवारीच्या अंधाऱ्या सकाळी कर्कश गजरापेक्षा बरा. दहा हजार लक्सच्या पॅनलची जागा मात्र तो घेत नाही.

दिवा घरी आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत एवढं तपासा. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून चालू दिव्याचं चित्रण करा. पट्टे किंवा लुकलुक दिसली तर परत करा, अशा दिव्यासमोर डोकं धरतं. पॅनलमागचे एलईडी सुटे ठिपके म्हणून दिसता कामा नयेत, पांढरं आवरण सगळीकडं सारखं उजळायला हवं. पूर्ण उजेडावर तासभर चालवून अडॅप्टरला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर नको. प्लगमधून काढून पुन्हा लावल्यावर तो आधीची पायरी लक्षात ठेवतो का पाहा, कारण काही मॉडेल लाइट जाऊन आल्यावर सगळ्यात मंद पायरीवर सुरू होतात आणि ते लक्षातही येत नाही. उजेड मोजायला मोबाइलचं ॲप फक्त अंदाजासाठी धरा, फोनागणिक आकडा बदलतो. कारखान्यात सेफ्टी विभागाकडं बहुधा लक्समीटर असतो. तो दहा मिनिटं मागून घ्या, तुमची खुर्ची जिथं आहे तिथं, डोळ्यांच्या जागी, दिव्याकडं तोंड करून धरा आणि येणारा आकडा दिव्याच्या मागे मार्करनं लिहून ठेवा.